भाड्याचा दर आणि फाटकावरची गाडी

उद्योजक मित्रहो, आपल्याकडे मालवाहतुकीचा विषय निघाला की बोलणे टनामागच्या दरावर येऊन थांबते, आणि दर पन्नास रुपयांनी उतरवला की खरेदी विभागाला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. माझ्या मते मोठी गळती कारखान्याच्या फाटकावर होते, आणि ती कोणत्याही बिलात वेगळी लिहिलेली नसल्याने नजरेस पडत नाही.

समजा, एका गाडीचा कर्जाचा हप्ता, विमा, कर आणि चालकाचा पगार मिळून दिवसाला 4,000 रुपये पडतात. गाडी धावो अथवा उभी राहो, हा खर्च चुकत नाही. जालना ते मुंबईजवळचे न्हावा-शेवा बंदर हे अंतर साधारण 400 किलोमीटर आहे. भरणे, उतरवणे, जाणे-येणे यांत तीन दिवस गेले तर महिन्यात 10 फेऱ्या होतात आणि एका फेरीवर 12,000 रुपये चढतात. तेच काम दोन दिवसांत आटोपले तर 15 फेऱ्या होतात आणि हा बोजा 8,000 रुपयांवर येतो. हा फरक घासाघीस करून मिळत नाही. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, प्रवासाचे तास वाचले. पण सकाळी नऊला फाटकावर लागलेल्या गाडीचे रिकामे वजन दुपारी होते, मग हमाल जेवायला जातात, चारला भरती सुरू होते, आणि ताडपत्री बांधून, दोर आवळून बिल्टी (माल पाठवल्याची पावती) चालकाच्या हाती पडेपर्यंत रात्र होते. रस्त्याने दिलेले तास आपण आवारातच गमावतो.

‘आम्ही हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, देतच नाही’ असे काही जण अभिमानाने सांगतात. वाहतूकदार ते पुढच्या वेळच्या दरात धरतो, आपण भाडे तीन महिने थकवतो त्या उधारीचे व्याजही त्यातच धरतो, आणि चांगल्या गाड्या जिथे लवकर सुटका होते तिथे पाठवतो. म्हणून गाड्यांना वेळ ठरवून द्यावी, गाडी येण्याआधी माल आणि ई-वे बिलाचे (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याचे) कागद तयार ठेवावेत, आणि फाटकावरच्या नोंदवहीतील येण्या-जाण्याच्या वेळा दर आठवड्याला मालकाने स्वतः वाचाव्यात. कारकुनावर सोपवलेली नोंदवही सहसा फक्त भरली जाते.

दुसरी गोष्ट परतीच्या मालाची. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना भंगार लागते आणि इथून सळई बाहेर जाते. दोन्ही माल उघड्या गाडीतून जाण्यासारखे आहेत, तेव्हा भंगार उतरवलेल्या गाडीलाच सळई मिळावी यासाठी शेजारच्या दोन कारखान्यांनी एकमेकांशी बोलायला हवे. स्पर्धेमुळे ते होत नाही, हे मला ठाऊक आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या प्लास्टिक भागांचे गणित मात्र वेगळे आहे: तिथे वजन पुरे होण्याआधीच गाडी भरते, त्यामुळे टनाचा दर निरर्थक ठरतो आणि खोक्यातली पोकळी कमी करणे हाच खर्च कमी करण्याचा सरळ मार्ग उरतो. बियाणे कंपन्यांना खरिपाच्या तोंडावर सगळ्यांना एकाच वेळी गाड्या लागतात. त्यांनी करार उन्हाळ्याआधीच करावेत.

सेवेविषयी बोलायचे तर ग्राहकाला वेगापेक्षा खात्री अधिक हवी असते. कधी दोन दिवसांत, कधी पाच दिवसांत पोचणाऱ्या मालासाठी तो जास्तीचा साठा करून ठेवतो आणि त्या साठ्याचा खर्च आपल्याकडून भावात वसूल करतो. दरवेळी तिसऱ्या दिवशी पोचणारा पुरवठादार त्याला परवडतो.

नुकसानीची बाब बहुतेक जण माल हरवल्यावरच वाचतात. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालील नियमांप्रमाणे, जास्त मूल्य जाहीर करून त्याची जोखीम मान्य करून घेतलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. म्हणजे 20,000 रुपये भाड्याच्या गाडीत 15 लाखांचे सुटे भाग असले तरी हाती येतील जास्तीत जास्त दोन लाख. दावा लावण्यापूर्वीची लेखी नोटीसही माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते. तेव्हा मालाचे मूल्य पाठवणीच्या कागदावर लिहावे, आणि विमा स्वतःच्या नावाने उतरवावा.