डायल फार सुंदर असेल तर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘संग्राहकांच्या मेळ्यात जुनं मनगटी घड्याळ: मशीन कसं पारखावं, भाव कसा ठरवावा’. मशीनकडे येतोच. पण खालच्या हॉलमध्ये नाण्यांची आणि तिकिटांची टेबलं ओलांडली की घड्याळांचा कोपरा लागतो, आणि तिथलं रंगकाम पाहिल्यावर आधी डायलवर बोलणं भाग आहे. फिरोजी, केशरी, पोपटी. घड्याळ साठीचं आणि चेहरा आत्ताच न्हाऊन आल्यासारखा. गर्दी नेमकी तिथेच.

हे रंगवलेले डायल. आपल्याकडचा घड्याळजी त्याला सरळ ‘रीडायल’ म्हणतो. परदेशातले संग्राहक याच मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. फाव्र-ल्यूबा सी किंग, हेन्री सँडोझ, कॅमी, सायको ५, एचएमटी, कुठलंही नाव घ्या. वडापावानंतर मुंबईचं नाव एवढं लांब नेणारी दुसरी वस्तू सापडणं अवघड आहे. (मागच्या रांगेतले हसले. म्हणजे एखादं घरी आलेलं दिसतंय.)

रंगवणाऱ्या कारागिरावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. किनाऱ्यावरची दमट हवा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. काचेच्या कडेतून, चावीच्या भोकातून ओल आत शिरते, डायलवरचा लाखेचा थर फुगतो, तडकतो, काळे ठिपके धरतो. आयातीवर निर्बंध होते त्या काळात कारखान्याचा नवा डायल मागवणार कुठून? मग घड्याळजी तो रंगवायला पाठवायचा आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. ती प्रामाणिक दुरुस्ती होती. तक्रार आहे ती तोच डायल आज ‘एकदम ओरिजिनल, बघा कसा ठेवलाय’ म्हणून पुढे करण्याबद्दल. चाळीस-पन्नास वर्षं हातावर राहिलेलं घड्याळ तसं राहतच नाही. ते जरा पिवळं पडतं, काट्यांवर बारीक गंज येतो, सहाच्या आकड्याजवळ एखादा डाग असतो. अशा डायलवर नाक मुरडून लोक पोपटीकडे वळतात आणि वर पैसेही जास्त मोजतात.

रंगवताना होतं काय? जुना रंग काढून पितळी चकती घासतात, नवा रंग मारतात, त्यावर अक्षरं पुन्हा छापतात. घासण्यात कारखान्याची वीण जाते. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या, उजेडात फिरणाऱ्या त्या बारीक रेघा, ज्यामुळे डायल हलवला की चमक फिरते. नव्या रंगाला नुसता चकाकीचा ओघळ असतो, फिरणारी चमक नसते. भिंगाआधी एवढं पाहिलं तरी अर्ध्या टेबलाचा निकाल लागतो.

मग दहापट दाखवणारं भिंग डोळ्याला लावा. पहिली जागा सहाच्या खाली. स्विस घड्याळात तिथे ‘स्विस मेड’ किंवा नुसतं ‘स्विस’ असतं, इतकं बारीक आणि इतकं कडेला की कधी निम्मं केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, ओठाखाली जातं. रंगवलेल्या डायलवर ते नसतं, नाहीतर ठळक होऊन वर चढलेलं असतं. सायकोत त्याच जागी आकड्यांची ओळ असते. तिचे पहिले चार आकडे घड्याळाच्या पाठीवरच्या पहिल्या चार आकड्यांशी जुळले पाहिजेत. पाठीवर ७००९ आणि डायलवर ६३०९ असेल, तर ती दोन घड्याळांची सोयरीक आहे. ओळच नसेल, तर डायल रंगाऱ्याकडे जाऊन आलाय.

दुसरी जागा मिनिटांच्या रेघा. तासाच्या धातूच्या पट्टीचा मध्य आणि छापलेली रेघ एका ओळीत हवी. एक, पाच, सात, अकरा हे तपासा. बारा-सहा रंगारीही नीट जुळवतो, चुकतो तो तिरक्या जागी. तिसरी जागा त्याच पट्ट्यांचा पाया. कारखान्यात आधी रंग, मग पट्टी बसते, म्हणून कड स्वच्छ असते. पट्ट्या न काढता रंगवलं की पायाशी रंगाचं तळं साचतं. तारखेच्या खिडकीची कडही अशीच बघा, रंग तिथे जाड आणि गोलसर होतो. चौथी खूण डायलच्या काठावर कानशीने पाडलेली छोटी खाच. छापताना बारा कुठे ते कळावं म्हणून काही रंगारी ती पाडतात. ती दिसायला मात्र घड्याळ उघडावं लागतं.

अक्षरांवर थोडं अधिक बोलतो, कारण इथे एचएमटीवाले बरेच बसलेत. बंगळुरूचा कारखाना सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये सुरू झाला. घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि मागणी उसळली. देवनागरी आकड्यांचा जनता आणि काळा पायलट ही त्यांची मॉडेलं सगळ्यांनाच हवीत, म्हणून यांचे नवे छापलेले डायलही भरपूर फिरतात. अशा वेळी मोबाइलमध्ये खात्रीच्या घड्याळाचा जवळून काढलेला फोटो ठेवा आणि आकड्यांची वळणं ताडून बघा. ५ चं पोट, ९ ची शेपटी, ८ चा उतार. देवनागरी अंक न वाचता छापणाऱ्याचा हात तिथे अडखळतो. एरवी मराठी शाळेचा उपयोग काय विचारणाऱ्यांसाठी हा एक उपयोग.

अंधारात चमकणाऱ्या रंगाचंही बघा. सहापाशी ‘टी स्विस मेड टी’ असेल तर तो ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, १२ वर्षांच्या जरा वर, म्हणजे १९७० च्या घड्याळात आता जवळजवळ काही उरलेलं नाही. मोबाइलची टॉर्च दहा सेकंद धरा आणि ओंजळीत अंधार करून बघा. जुना रंग क्षणात विझतो. मिनिटभर हिरवा तेवत राहिला तर तो अलीकडे भरलेला आहे. काट्यांतला रंग तपकिरी आणि डायलवरचा पांढरा असेल, तर दोघांतलं एक पाहुणं आहे.

केसचं एकच सांगतो. पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलंय म्हणजे पाठ स्टीलची. बाकी केस बहुतेक वेळा पितळेवर क्रोमचं. पट्टा अडकवायच्या कानांच्या टोकांवर आणि चावीच्या दात्यांवर पिवळं दिसलं की समजा. चारही कान बाजूने बघा. पॉलिशच्या चाकावर कडा गोल होतात, जाडी कमी-जास्त होते, आणि घासलेलं स्टील परत भरता येत नाही.

बघा, आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता सुरू होतोय.

मशीन. घड्याळ बंद अवस्थेत हातात मागा. चालू करून ठेवलेलं घ्यायचं नाही, कारण आधीच भरलेली स्प्रिंग दोष लपवते. हळू चावी द्या. दहा-बारा फेऱ्यांत सेकंदकाटा आपोआप निघाला पाहिजे. झटका दिल्यावरच निघत असेल तर तेल सुकून गोंद झालंय. चावीच्या घड्याळात फेऱ्या संपतच नसतील तर स्प्रिंग तुटलीय किंवा तिचं टोक सुटलंय. ऑटोमॅटिकमध्ये मात्र स्प्रिंग मुद्दाम घसरणारी असते, तिथे ही परीक्षा लावू नका. सायकोच्या ७००९, ६३०९, ७एस२६ या मशीनमध्ये तर चावी देण्याची सोयच नाही. चावी फिरली आणि काही भरलं नाही म्हणून ते बिघडलेलं ठरत नाही, ते हलवून चालू करायचं.

चावी ओढून काटे पूर्ण चोवीस तास फिरवा, तारीख एकदाच बदलली पाहिजे. तारीख झटपट बदलायची सोय रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात वापरू नका, दाते तुटतात. आधी काटे सहावर आणा.

पाठ उघडायला विक्रेत्यालाच सांगा, स्वतः सुरी घालू नका. आत चार गोष्टी. चावीच्या दांडीजवळ गंज. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या. मशीनवरचं नाव डायलशी जुळतं का. आणि पाठीच्या आतल्या बाजूला घड्याळजींनी टोचून लिहिलेल्या तारखा, म्हणजे सर्व्हिसचा इतिहास. बॅलन्स चाक, म्हणजे पुढे-मागे झुलणारं चाक, डायल वर, डायल खाली आणि उभं धरून, तिन्ही अवस्थांत मोकळं हललं पाहिजे. विक्रेत्याकडे टायमिंग मशीन, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र, असेल तर या चाकाचा झोका २७० ते ३०० अंश चांगला, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसचा खर्च धरा. मोबाइलवरची अ‍ॅपं या गोंगाटात काही ऐकत नाहीत. घड्याळ दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे पळत असेल तर आधी चुंबकाचा संशय घ्या. मोबाइलच्या होकायंत्रावर धरा, सुई थरथरली तर घड्याळजी ते चुंबकत्व मिनिटात उतरवतो.

भाव. घड्याळ उत्तम अवस्थेत असतं तर किती दिले असते तो आकडा मनात धरा. त्यातून सर्व्हिस, काच, चावी, पट्टा वजा करा. डायल रंगवलेला असेल तर उरलेल्यातलं निम्मं आणखी काढा, हा माझा हिशोब, विक्रेत्यांचा वेगळा असतो. स्विसमध्ये मशीनवर बॅलन्सखाली एएस, एफएचएफ, ईटीए असं मशीन बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह आणि क्रमांक दिसला तर सुटे भाग मिळायची शक्यता बरी, थोडं जास्त द्यायला हरकत नाही. पावतीवर ‘डायल मूळ’ किंवा ‘डायल रंगवलेला’ असं लिहून मागा. विक्रेता लिहायला कां-कू करतो की नाही, तेही बघा.

एक राहिलं. १९६० च्या आधीच्या घड्याळावर तपकिरी, भुगा होणारा रंग दिसला तर तो रेडियम असू शकतो. तो चमकायचा थांबला तरी किरणोत्सर्ग तसाच असतो, अर्धआयुष्य सोळाशे वर्षं आहे. त्याची काच घरी काढू नका, खरवडू तर नकाच. घड्याळजीकडे देतानाही तसं सांगून द्या, कारण भिंग लावून नाक डायलजवळ नेऊन बसणारा तो असतो.