पळसाला पाने तीनच? मोजून बघा

नमस्कार श्रोतेहो. मी सहावी-सातवीच्या पोरांना सायन्स शिकवतो, आणि आज झाडांबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, झाडे लावा झाडे जगवा नाही हं, ते तुम्ही भरपूर ऐकलंय, मी बोलतोय ते लावलेली झाडं पोरांना ओळखू येत नाहीत त्याबद्दल.

एकदा वर्गात विचारलं, शाळेच्या रस्त्यावरची झाडं सांगा. उत्तरं आली आंबा, नारळ, गुलमोहर, अशोक. आता आंबा-नारळ त्या रस्त्यावर नाहीतच, ते पुस्तकातले. गुलमोहर आहे, पण तो मूळचा मादागास्करचा पाहुणा. आणि अशोक म्हणजे तो सरळसोट उंच वाढणारा, तो खोटा अशोक, खरा सीताअशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. आणि गेटबाहेरचा करंज, ज्याच्या सावलीत ही पोरं रोज रिक्षाची वाट बघत उभी असतात, त्याचं नाव एकालाही घेता आलं नाही!

मग मी चार्ट गुंडाळून ठेवला. प्रत्येकाने येण्याजाण्याच्या वाटेवरचं एक झाड धरायचं आणि जूनपासून उन्हाळ्यापर्यंत दर आठवड्याला त्याला भेटायचं, नाव विचारायचं नाही, नाव सगळ्यात शेवटी. कारण नाव कळलं की पोरगं बघायचं थांबतं, वहीत लिहिलं की झालं काम. त्याऐवजी साल चाचपा, पान चुरगळून वास घ्या, खाली काय पडलंय बघा. (चीक येत असेल तर तो हात डोळ्याला लावायचा नाही, हे मात्र दहादा सांगावं लागतं.)

सगळ्यात जास्त मजा येते ती पान कशाला म्हणायचं यात. कडुनिंबाचं पान आणा म्हटलं की सगळे ते करवतीसारख्या कडेचं छोटं पान तोडून आणतात. ते अख्खं पान नाहीच, ती पर्णिका! ओळखायचं कसं, तर देठ जिथे फांदीला चिकटतो त्या बेचक्यात बारीक कोंब असतो. कोंब सापडला की तिथून पुढचं सगळं मिळून एक पान, मग त्यावर दोन पर्णिका असोत नाहीतर वीस. हे कळल्यावर एक मुलगी उठली आणि म्हणाली, सर मग पळसाला पाने तीनच ही म्हण चुकली की, ते तर एकच पान आहे तीन पर्णिकांचं. मी काय बोलणार, बरोबरच होतं तिचं.

आता दसऱ्याचं सांगतो. बाजारात सोनं म्हणून ढिगाने जे विकतात त्यात कितीतरी वेळा आपटा नसतोच, कांचन असतो. दोन्हींची पानं मधे दुभंगलेली त्यामुळे लोक फसतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला थोडं जास्तच. कांचनाचं मोठं आणि मऊ. फुलं आली की तर प्रश्नच नाही, कांचनाची मोठी, जांभळी-गुलाबी, आपट्याची लहान, फिकट, पटकन लक्षातही येत नाहीत. खरं तर दोन्ही झाडं ओरबाडू नयेत असं माझं मत, एक पान दिलं तरी सोनंच की.

तर मागच्या दसऱ्याला आमचा एक पठ्ठ्या आजीबरोबर बाजारात गेला, पान बोटांत धरून चोळलं आणि विक्रेत्याला म्हणाला, काका हा आपटा नाही, कांचन आहे. काका म्हणाले, बाळा, मी कुठे आपटा म्हणतोय, मी सोनं विकतोय. आजीने जुडी घेतलीच, आणि पोराने घरी येऊन प्रत्येकाला पान देताना आधी सांगितलं, सोनं घ्या, नकली आहे.

चला, वेळ झाली माझी, नमस्कार.