आधी तोल, मग हात

(दृश्य: शाळेचं मैदान. फक्कीने आखलेल्या दोन समांतर रेघा.)

सांगली सपाट. चढ नाही, घाट नाही, त्यामुळे इथली मुलं सायकल लवकर शिकतात. तेवढ्याच लवकर ती सांगली-मिरज रस्त्यावर बस-टेम्पोंच्या गर्दीतही येतात. वळताना हात दाखवायचा हे बहुतेकांना माहीत असतं. जमत नाही ते एका हाताने सायकल सरळ ठेवणं. म्हणून खुणा शिकवायच्या त्या शेवटी.

आधी सायकल बघा. ‘अजून दोन वर्षं पुरेल’ म्हणून घेतलेली मोठी सायकल असली, की हँडल लांब पडतं, मूल ओणवं होतं आणि अंगाचा भार मनगटांवर येतो. मग एक हात सुटला की सगळा भार दुसऱ्यावर, आणि चाक भलतीकडे वळतं. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, कोपरं किंचित वाकलेली राहिली पाहिजेत. हँडलला डब्याची पिशवी अडकवू नका.

आता फक्कीचा पट्टा: २० मीटर लांब, २ फूट रुंद. मुलाने त्यातून आधी दोन्ही हातांनी जायचं. मग उजवा हात मांडीवर, मग कमरेवर, मग बाहेर सरळ. हेच पुन्हा डाव्या हाताने. फार हळू चालवली तर सायकल डुलते. भराभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त वेग ठेवा.

यानंतर मागे बघणं, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. मागे उभं राहून बोटं दाखवा, मुलाने पुढे जाता जाता वळून आकडा सांगायचा. पहिल्यांदा सायकल रेघ ओलांडतेच, कारण मानेबरोबर खांदा वळतो आणि खांदा हँडल ओढतो. हनुवटी खांद्याकडे न्यायची, कोपर सैल सोडायचं. आकडा बरोबर आला आणि चाकही पट्ट्यात राहिलं, की पुढचा धडा.

(दृश्य: मुलगी सरळ उभी राहून खुणा करते.)

उजवीकडे वळायचं तर उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ, तळवा पुढे. वेग कमी करताना उजवा हात बाहेर, तळवा खाली, वर-खाली हलवायचा. थांबताना उजवा हात कोपरात वाकवून पंजा वर. डावीकडे वळताना डावा हात सरळ. १९८९ च्या रस्ता-नियमावलीत डाव्या वळणाची खूणही उजव्याच हाताने, हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून करायची होती. ती गाडीत उजवीकडे बसणाऱ्या चालकाच्या सोयीची. सायकलवर हात फिरवला की हँडल हलतं. मुलांना डावा हातच शिकवा.

क्रम असा: वळणाच्या २५-३० मीटर आधी मागे बघा, ब्रेक लावून वेग कमी करा, हात काढा, मनात तीन आकडे मोजा, पुन्हा मागे बघा. मग दोन्ही हात हँडलवर, आणि त्यानंतरच वळा. वळता वळता हात बाहेर ठेवणं ही नेहमीची चूक. खड्डा आला की तोल जातो. ब्रेक हात काढण्याआधी लावायचा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. डावा हात बाहेर असताना तो एकटाच करकचून दाबला गेला, तर सायकल पुढे उलटू शकते. घरच्या सायकलचा पुढचा ब्रेक कुठला, हे मुलाला दाबून दाखवा. कुत्रं आडवं आलं, अचानक थांबायचंय, तर खूण नाहीच. दोन्ही हात ब्रेकवर.

मोठ्या रस्त्यावर उजवीकडे जायचं असेल, तर लहान मुलाने डाव्या कडेला थांबावं, उतरावं, आणि रस्ता मोकळा झाल्यावर सायकल हातात धरून ओलांडावा. यात कमीपणा काही नाही, हे मुलाला आपणच सांगायला हवं.

(दृश्य: उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या.)

गाळप हंगामात आणखी एक गोष्ट. भरलेल्या ट्रॉल्यांमुळे ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही. तिथे हात दाखवून उपयोग नाही. वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूने कापत येते, म्हणून डावीकडच्या फटीत शिरायचं नाही. बाहेर आलेल्या उसापासूनही लांब, मागेच राहायचं, आणि ट्रॅक्टर पूर्ण वळून गेला की मग निघायचं.