चाकू परत देतो, असं पोलीस म्हणाला होता

1884 चा जुलै. दक्षिण अटलांटिकमध्ये एक छोटी होडी तरंगतेय, तेरा फुटांची, आत चार माणसं. ‘मिन्योनेट’ नावाचं जहाज इंग्लंडहून सिडनीला निघालेलं, 5 जुलैला वादळात बुडालं, आणि घाईत हाताला लागले ते सलगमचे दोन डबे. पाणी नाही. मधे एक कासव सापडलं, तेही संपलं. सतरा वर्षांचा पोऱ्या रिचर्ड पार्कर समुद्राचं पाणी प्यायला आणि आजारी पडला, आणि विसाव्या दिवसाच्या आसपास कॅप्टन डडलीने होडीतल्याच स्टीफन्स नावाच्या खलाशाच्या संमतीने त्याला मारलं. तिघांनी त्याला खाल्लं. चारेक दिवसांनी, 29 जुलैला, एका जर्मन जहाजाने त्यांना उचललं.

आता पुढचं ऐका, कारण मला खरा धक्का इथे बसतो. फालमथ बंदरात उतरल्यावर डडलीने काहीच लपवलं नाही, स्वतःहून सगळं सांगितलं. पोलिसाने चाकू ताब्यात घेतला आणि परत देतो म्हणाला! म्हणजे आपण गुन्हेगार आहोत असं डडलीला वाटलंच नव्हतं, कारण जीवावर बेतलं की चिठ्ठ्या टाकायच्या आणि एकाने जायचं, ही खलाशांची जुनी रीत. फक्त इथे चिठ्ठ्याच टाकल्या नव्हत्या, जो सगळ्यात अशक्त होता त्याचा नंबर लागला. खटला चालला तेव्हा लोक आरोपींच्या बाजूने होते, आणि पार्करच्या सख्ख्या भावाने, तोही खलाशीच, डडलीशी हात मिळवला.

कोर्टाने ऐकलं नाही. 9 डिसेंबर 1884 ला न्यायाधीश लॉर्ड कोलरिज म्हणाले, गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, आणि कोणाचा जीव जास्त मोलाचा हे ठरवणार कोण? शिक्षा फाशीची, पण ती होणार नाही हे जवळजवळ सगळ्यांना माहीत होतं. झाली सहा महिने कैद. म्हणजे कायद्याने स्वतःचा शब्द राखला आणि मग हळूच मागच्या दाराने लोकांचंही ऐकलं. ढोंग म्हणा हवं तर, मला नाही वाटत.

आपण म्हणतो ना, जनाची नाही तर मनाची तरी ठेव. इथे जनाने माफ केलं, कायद्याने नाही. पण कधीकधी नेमकं उलटं होतं, आणि तेव्हा तिसरीच गोष्ट मधे येते, पेशाची. तिला हल्ली सगळे एथिक्स म्हणतात.

1973, न्यूयॉर्क राज्य. एका खुनाच्या आरोपीने आपल्या दोन वकिलांना सांगितलं की मी अजून दोन मुलींना मारलंय, मृतदेह अमुक ठिकाणी आहेत. वकील गेले, शोधलं, फोटोही काढले. आणि गप्प बसले, महिनोन्महिने. कारण अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही हा वकिलीचा नियम, तो मोडला तर उद्या कुठलाच आरोपी वकिलाला खरं सांगणार नाही. तर्क पटतो, पण पुस्तकात. त्यातल्या एका मुलीचे वडील स्वतः वकिलाला भेटायला आले, मुलगी बेपत्ता आहे, काही माहिती आहे का, एवढंच विचारायला. वकिलाला माहीत होतं. तो काहीच बोलला नाही.

1974 मध्ये आरोपीनेच कोर्टात सगळं कबूल केलं, तेव्हा लोकांना कळलं, आणि संताप वकिलांवर. एका वकिलावर मृत्यूची खबर दिली नाही म्हणून आरोप ठेवला गेला, कोर्टाने तो रद्द केला, म्हणजे कायदा त्यांच्या बाजूने, पेशाचा नियम त्यांच्या बाजूने. लोक नव्हते. दुसऱ्याची प्रॅक्टिस बसली.