तिबेस्तीचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाखात पांझरेचे पात्र उघडे पडले की वाळूत हातभर झिरा खणायचा, वाटीवाटीने पाणी वर काढायचे आणि तो पुन्हा भरेपर्यंत हंड्याशी बसून राहायचे, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केलेले आहे. सहारा वाळवंटाच्या मधोमध उभ्या असलेल्या तिबेस्ती पर्वतातही पाणी असेच वाळूखाली शोधावे लागते.

हा पर्वत चाड देशाच्या उत्तर टोकाला असून त्याचा थोडा भाग लिबियात जातो. ज्वालामुखींनी तो घडवला. त्यातले एमी कुस्सी हे शिखर 3,415 मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक, आणि सबंध सहारात त्याहून उंच दुसरे नाही. या उंचीमुळेच वाळवंटावरून जाणारा एखादा ढग तिथे अडतो आणि पाऊस पडतो. मात्र उतारांवर माती नाही, झाडोरा नाही. पडलेले पाणी उघड्या खडकावरून तडक खाली धावते आणि एरवी कोरड्या असणाऱ्या दऱ्यांना अचानक पूर येतो. या दऱ्यांना तिथे ‘एन्नेरी’ म्हणतात.

पूर ओसरला तरी सगळे पाणी जात नाही. अरुंद घळीत, जिथे ऊन जेमतेम पोहोचते, तिथे खडकाच्या खोलगटात डोह साचून राहतात. त्यांना ‘गेल्टा’ असे नाव आहे. त्यांतल्या काहींत मासे आहेत. चहूबाजूंनी शेकडो कोस वाळवंट असताना हे मासे आले कुठून? सहारा हिरवा होता आणि नद्या वाहत होत्या, त्या काळापासून ते तिथे टिकून आहेत. मला या पर्वताची सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. त्याच काळाची दुसरी खूण ‘त्रू ओ नात्रोन’ या प्रचंड ज्वालामुखी विवरात सापडते. आज त्याचा तळ सोडाक्षाराने पांढराशुभ्र दिसतो, पण तिथल्या थरांतील सूक्ष्म शैवालांचे अवशेष सांगतात की इथे एकेकाळी सरोवर होते.

उरलेले पाणी एन्नेरीच्या वाळूत मुरते. आपल्याकडे विहीर खणणारा माणूस मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण ओळखून पाण्याचा अंदाज बांधतो. पात्रात खडकाचा आडवा पट्टा आला की त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, हेही तो जाणतो. वाळूखालच्या पाण्याची हीच रीत तिबेस्तीतही चालते. बारदाई गावी खजुराची झाडे उभी आहेत ती आभाळाच्या भरवशावर नव्हे. त्यांची मुळे पात्राखालच्या त्या ओलीपर्यंत पोहोचलेली आहेत.