कोणत्या सालची गाडी?

(दृश्य: गॅरेजचं शटर वर जातं. आधी उघडी पुढची चाकं दिसतात, मग रेडिएटरची जाळी.)

माझ्या मित्राला ही गाडी कोणत्या सालची असं विचारलंत, तर तो उलट तुम्हालाच विचारेल, "कुठला भाग?"

कॅब 1930 च्या फोर्ड मॉडेल ए पिकअपची. चेसिस 1932 ची. गिअरबॉक्स 1939 चा, कारण फोर्डच्या मोटारींमध्ये गिअरचा दांडा खाली, पायाशी असण्याचं ते शेवटचं साल. ब्रेकही तेव्हाचेच, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते त्याच वर्षी. इंजिन मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचं. आपल्याकडच्या आरटीओत ही गाडी नेली, तर साहेब आधी पाणी मागतील.

दक्षिण कॅलिफोर्नियात असल्या गाडीला हॉट रॉड म्हणतात. 1930 च्या दशकात इथल्या पोरांच्या खिशात पैसे नव्हते, पण जुन्या फोर्ड स्वस्तात मिळत होत्या आणि मोहावी वाळवंटात आटलेल्या तळ्यांचे सपाट, टणक तळ मोकळे पडले होते. मडगार्ड काढायचे, वजन उतरवायचं, इंजिन पिळायचं आणि म्युरॉकच्या तळ्यावर जाऊन वेग मोजायचा. या धावांना शिस्त लावायला 1937 साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली. म्युरॉक पुढे लष्कराच्या विमानतळात गेलं, एल मिराजच्या तळ्यावर मात्र आजही धावा होतात.

मित्राचा नियम एकच. 1949 साली इथल्या भंगारात सापडली नसती, अशी वस्तू गाडीला लावायची नाही. अपवाद टायरचा आणि सीटबेल्टचा. सीटबेल्टची अट बायकोची.

(दृश्य: कॅबचा खांब, अगदी जवळून. वेल्डिंगची आडवी रेघ.)

इथे नीट बघा. छत तीन इंच खाली आणलंय. प्रत्येक खांबातून तीन इंचांचा तुकडा कापून काढायचा, छत खाली उतरवायचं आणि पुन्हा जोडायचं. मॉडेल ए ला हे त्यातल्या त्यात सोपं जातं, कारण खांब जवळजवळ सरळ उभे आहेत आणि काचा सपाट. नंतरच्या गाड्यांचे खांब तिरके. तिथे छत खाली आणलं की वरचा खांब खालच्याला भेटतच नाही. पुट्टी भरून, घासून, रंग मारून ही रेघ बुजवता आली असती. त्याने ती तशीच ठेवली, आणि मला विचाराल तर बरंच केलं.

आता इंजिन. फोर्डने 1932 मध्ये स्वस्त गाडीत व्ही-8 बसवलं, म्हणजे चार-चारच्या दोन रांगांत आठ सिलिंडर, 65 हॉर्सपॉवरचं. त्याआधी मॉडेल ए च्या चार सिलिंडरना 40 वर भागवावं लागे. मित्राचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण नंतरचं: 3.9 लिटर, 100 हॉर्सपॉवर, वर दोन स्ट्रॉमबर्ग 97 कार्ब्युरेटर.

(आवाज: इंजिन सुरू होतं. काही क्षण निवेदन नाही.)

या इंजिनाला एक खोड आहे. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात नसून खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या मुख्य ओतीव भागात आहेत, आणि जळालेला गॅस बाहेर पडतो तो ब्लॉकच्या पोटातून, थंड करणाऱ्या पाण्याला भाजत. शिवाय मधल्या दोन सिलिंडरना बाहेर पडायला एकच तोंड. म्हणजे एका बाजूला सिलिंडर चार, तोंडं तीन. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलं की मित्राचा एक डोळा सिग्नलवर आणि दुसरा तापमानाच्या काट्यावर.

शेवरोलेचं 350 इंजिन टाक, हा सल्ला त्याला प्रत्येक जण देतो. मीही दिलाय. कमी तापेल, जास्त पळेल, पार्ट कुठेही मिळतील. तो सगळं ऐकून घेतो आणि स्पॅनर मागतो.

(दृश्य: मागचा हौदा, वरून.)

मूळ गाडीत पेट्रोलची टाकी पुढच्या काचेखाली, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर असायची. पंप नव्हताच, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरायचं. मित्राने टाकी उचलून हौद्यात टाकली. तिच्या शेजारी पाण्याचे दोन कॅन आणि टूलबॉक्स, म्हणजे मालाला उरली एका खुर्चीपुरती जागा. शेजारी घर बदलायला निघाले, तेव्हा "तुझा पिकअप दे" म्हणून आले होते. त्याने त्यांना आपल्या रोजच्या टोयोटाची किल्ली दिली.