‘हश’: २७ मिनिटांवरचं भांडण

(पडद्यावर: रात्रीचा रिकामा रस्ता.)

१४ डिसेंबर १९९९. अमेरिकेतल्या डब्ल्यूबी वाहिनीवर भुताराक्षसांशी लढणाऱ्या बफी या तरुणीच्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या मालिकेच्या चौथ्या सीझनचा दहावा भाग लागला, ‘हश’, म्हणजे ‘चूप’. ४४ मिनिटांच्या या भागात सुमारे २७ मिनिटं कुणीच बोलत नाही. चाहत्यांचं भांडण तिथेच जुंपतं: ही कमाल की नुसती क्लृप्ती?

गोष्ट एवढीच. ‘जंटलमेन’ नावाची सुटाबुटातली भुतं बफीच्या गावात, सनीडेलमध्ये येतात, सगळ्या गावाचा आवाज एका पेटीत कोंडतात आणि सात काळजं काढायला निघतात. हॉस्टेलच्या दारावर टकटक होते. मुलगा दार उघडतो. भुतांचे चाकर त्याला दाबून धरतात आणि वर स्केलपेल, शस्त्रक्रियेची सुरी, येतं. त्याचं तोंड पूर्ण उघडं आहे. हाकेच्या अंतरावर माणसं आहेत, पण हाकच उरलेली नाही. ही भुतं साकारणाऱ्या डग जोन्स आणि कॅम्डेन टॉय यांचं ते न हलणारं हसू इथे जास्तच अंगावर येतं.

पहिला आक्षेप संगीतावर. क्रिस्टोफ बेकचं पार्श्वसंगीत जवळजवळ अखंड वाजतं, मग हा भाग मूक कसला? आक्षेप रास्त आहे. आवाज बंद करून पाहा. बफीचा मार्गदर्शक जाइल्स याचं भुतांबद्दलचं प्रोजेक्टरवरचं व्याख्यान तरीही चालतं, कारण विनोद कागदावर लिहिलेला आणि चितारलेला आहे. रस्त्यावरची भीती मात्र निम्मी होते. म्हणजे इथे गेलाय तो संवाद, ध्वनी नव्हे.

दुसरा आक्षेप: गळ्यात पाट्या अडकवून लिहिता येतंय, मग आवाज गेल्यानं बिघडलं काय? हा आक्षेप नियम विसरतो. जाइल्सच्या परीकथेत तलवार या भुतांना मारत नाही, राजकन्येची किंकाळी मारते. भुतांनी नेमकं तेच हत्यार आधी काढून घेतलंय. अशी पक्की अट या मालिकेतल्या फार थोड्या राक्षसांना मिळालीय.

सुरुवात रेंगाळते, अशीही तक्रार असते. पण त्या बडबडीत काय काय अडतं ते बघा. बफी आणि तिला आवडणारा रायली बोलण्याच्या नादात चुंबन घेत नाहीत. अ‍ॅन्या तिचा प्रियकर झँडर याच्यावर रुसते, त्याला नीट उत्तर देता येत नाही. बफीची मैत्रीण विलो हिच्या विक्का गटात, म्हणजे जादूटोणा मानणाऱ्यांच्या गटात, जादू सोडून सगळ्यावर चर्चा होते. आवाज गेल्यावर याच गाठी सुटतात: विलो आणि नवखी टारा हात धरतात आणि त्यांच्या जादूनं जडशीळ व्हेंडिंग मशीन सरकून दाराला लागतं.

मालिकेचा निर्माता जॉस व्हेडननं हा भाग लिहिला तोच मुळी ‘तुमचे संवाद फार छान’ हे सारखं ऐकून. आणि एमी या टीव्ही पुरस्कारांच्या लेखन विभागात या मालिकेला मिळालेलं एकमेव नामांकन याच भागाचं. विरोधकांना हे खटकतं. खटकू नये, पटकथा म्हणजे फक्त संवाद नव्हेत.

(पडद्यावर: घड्याळाचा मनोरा.)

शेवटावर मात्र आक्षेप घेणाऱ्यांची बाजू भक्कम. बफी खुणेनं पेटी दाखवते, रायली शेजारची बाटली फोडतो आणि फुशारकीनं बघतो. ही चूक झकास, कारण खूणही फसते हे ती दाखवते. पण पेटी फुटल्यावर बफीची एक किंकाळी, भुतांची डोकी फुटतात, संपलं. इतक्या मेहनतीनं उभ्या केलेल्या भुतांना थोडी झुंज तरी द्यायला हवी होती.